बोललेला ब्रेकर

आमच्या रस्त्याला नाव नाही. सरकारदरबारी नंबर आहे म्हणतात, राज्य मार्ग अमुक अमुक, आणि मैलाच्या दगडावर तो रंगवलेलाही होता, पण तो दगड एका उसाच्या ट्रॉलीनं कधीच आडवा केला. नाशिककडचे लोक त्याला सायखेड्याचा रोड म्हणतात, सायखेड्याकडचे नाशिकचा रोड म्हणतात. ज्याला जिकडं जायचंय तिकडचं नाव. मधल्या गावांना कुणी विचारत नाही. आम्ही नुसतं ‘रोड’ म्हणायचो. रोडच्या पल्याड जाऊ नको, रोडला कोण उभं आहे बघ, एवढंच.

माझं माहेर या रोडला खेटून आहे. खेटून म्हणजे ओट्यावर बसून चूळ भरली तर डांबरावर पडेल इतकं. मागं आमचे मेथी, कोथिंबीर, शेपूचे वाफे, पुढं रोड. घरापासून हाकेच्या अंतरावर रोड वळतो. वळणाच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागेची हिरवी जाळी. ऊस वाढला की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, त्याप्रमाणे रोडवरची माणसं बदलतात. कधी शेळ्या भरलेले टेम्पो, कधी टोमॅटोच्या क्रेटनी कडेपर्यंत लादलेली पिकअप, कधी नुसत्याच टोपल्या घेतलेल्या बायका. आणि मध्ये मध्ये कुणीच नाही. तेच वाईट. रस्ता मोकळा दिसला की आपल्याकडच्या माणसाच्या अंगात येतं.

मला दिली पंचवटीत. तिथली गल्ली अशी की रिक्षा गेली तर पदर आवरून भिंतीला चिकटावं लागतं. माहेरच्या बाया मला म्हणायच्या, कशी राहतीस गं त्या गर्दीत, गाड्यांची भीती नाय वाटत? मला हसू यायचं. त्या गर्दीत एकालाही वेगानं जाता येत नाही, मग मरणार कोण? खरचटतं, शिव्या होतात, संपलं. माणूस मरतो तो आमच्या रिकाम्या रोडवर.

माझा धाकटा भाऊ तिथंच गेला.

तो रोज पहाटे मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटात बांधून पंचवटीच्या बाजारात यायचा. माल विकला की माझ्याकडं चहाला. अंगाला कोथिंबिरीचा वास, पॅन्टला चिखल, आणि तसाच सरळ माझ्या धुतलेल्या चादरीवर बसायचा. मी ओरडायची. दोन जुड्या माझ्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, “ताई, भाव लय कडक हाय, जपून वापर.” कोथिंबीर मातीमोल झाली असली तरी हेच. एक दिवस चहा गार झाला तरी तो आला नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, निदान फोन तरी करावा माणसानं. मग फोन आला, तो चुलतभावाचा होता.

समोरून टोमॅटोची पिकअप वळण कापत आली होती. थांबलीही नाही. कोण होता, कुठला होता, आजवर कळलं नाही. सगळ्या रोडवर कोथिंबीर पसरली होती, आणि मी माहेरी पोचेपर्यंत तिच्यावरून इतर गाड्या जाऊन तिचा चोथा झाला होता. आईनं त्या चोथ्यातली एक काडीही कुणाला उचलू दिली नाही.

दहावा सायखेड्याला गोदावरीच्या घाटावर केला. आमच्याकडं दहाव्याला गाव लोटतं. प्रवचन असतं, लाउडस्पीकर असतो, पुढारी श्रद्धांजलीला उभे राहतात आणि बसायचं विसरतात. सगळं झालं की पिंड ठेवतात आणि मग सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलंय. मग एकेक जण पुढं होऊन बोलतो. बोलतो म्हणजे शब्द देतो. तुझी लेकरं सांभाळू, तुझी विहीर पुरी करू, असं. गेलेल्याचं अडकलेलं नेमकं ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या शब्दावर कावळा उतरतो. तो शब्द मग मोडायचा नसतो.

भावाच्या पिंडाला कावळा शिवेना.

समोरच्या उंबरावर कावळे होते, चांगले डझनभर, पण एक हलेल तर शपथ. चुलता म्हणाला, आईबापाला अंतर देणार नाही. कावळे बसलेले. दोस्तांनी भेळ ठेवली, त्याची आवडती. त्याचा मोबाईल आणून ठेवला. गाडी विकणार नाही म्हणाले. कुणीतरी म्हणालं, पोराचं लग्न राहिलं, ते कसं बोलणार आता, आणि बायांमध्ये रडारड झाली. मी पुढं झाले, म्हटलं, आईकडं मी बघीन रे, जा तू. काही नाही. उन्हं वर आली. वडील, आमचे आबा, ओल्या धोतरावर दगडासारखे बसून होते. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला. इतक्यात आई बायांमधून उठली. तिनं पदर खोचला आणि पिंडासमोर जाऊन उकिडवी बसली, जेवायला वाढल्यावर पोरासमोर बसते तशी.

“तिथं ब्रेकर टाकीन मी,” ती म्हणाली. “त्या वळणावर दुसऱ्या कुणाचं लेकरू नाय जाऊ द्यायची. तुला बोलले. आता खा.”

आणि कावळा आला.

मला विचाराल तर मला त्यात काही चमत्कार वाटला नाही. आई उठली तेव्हा माणसं गप्प झाली आणि नेमका तेव्हाच कुणीतरी लाउडस्पीकर बंद केला. इतका वेळ कावळे त्या खरखरीला बुजले असतील. पण हे मी आईला कधी बोलले नाही. तिच्या तोंडावर त्या वेळी जे आलं ते बघून कुणाचीही जीभ उचलली नसती. दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं श्वास सोडला होता.

मग सुरू झालं ब्रेकरचं. बांधकाम खात्याच्या ऑफिसात खेटे घातले. तिथले साहेब बरे होते, चहा पाजला, पण म्हणाले, राज्य मार्गावर असा कुठंही ब्रेकर टाकता येत नाही, नियमात बसत नाही, फार तर ‘सावकाश जा’ अशी पाटी लावू. आई म्हणाली, पाटी वाचायला थांबतंय कोण? पुढं पाटीही लागली नाही.

शेवटी भावाच्या दोस्तांनीच काम केलं. कुणाच्या तरी घराचं स्लॅबचं काम चाललं होतं, तिथून खडी आणि सिमेंट आलं, मुरमाची ट्रॉली आली. अर्धा रोड अडवून एक बाजू, ती वाळली की दुसरी. किती उंच करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी आईला विचारलं, तर तिनं आपल्या नडगीला हात लावून दाखवला. तेवढा उंच केला. चढ-उताराचा विचार कुणी केला नाही, रोडवर आडवी भिंत निजवावी तसा तो झाला. आम्हा कुणाला त्यात चूक दिसली नाही. उलट जेवढा उंच तेवढा चांगला असंच सगळ्यांचं मत होतं. आईनं त्याला चुन्याचे पट्टे ओढले, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्या दिवशी पहिला ट्रक येऊन कचकन ब्रेक लावून थांबला, कण्हत कण्हत वर चढला आणि धपकन उतरला. आई रोडच्या कडेला उभी राहून लहान पोरीसारखी हसली. मला तिचं ते हसू बघवलं नाही.

पुढं तिचा सगळा दिवस त्या आवाजावर बेतला. आधी ब्रेकची करकर, मग पुढच्या चाकाचा धप्, मग मागच्या चाकाचा. ओट्यावर मेथी निवडत बसली की आवाजावरून सांगायची, हा रिकामा चालला, हा भरलेला हाय, ही एसटी. ड्रायव्हर लोक शिव्या द्यायचे. कोणत्या गाढवानं टाकला हा, इथपासून पुढं आईबहिणीपर्यंत. आईला त्याचं काही नाही. ‘दे,’ म्हणायची, ‘दे, पण थांबलास ना मेल्या?’ क्रेटमधून टोमॅटो उडून पडायचे ते गावच्या शेळ्या खायच्या. कुणाची कंबर धरायची, कुणाची अंडी फुटायची. पण एक खरं, त्या वळणावर नंतर कुणी मेलं नाही. आई हे ज्याला त्याला सांगायची. भावाचं नाव काढायची नाही, ब्रेकरचंच सांगायची.

चुना टिकतो किती? पाऊस आला की गेला. आई पुन्हा बादली घेऊन जायची. गुडघे दुखायचे, तरी रोडच्या मधोमध बसून पट्टे ओढायची, आणि आबा दोन्हीकडच्या गाड्यांना हात दाखवत उभे. आबांनी या सगळ्यात कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पोरगा गेल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. मी म्हणायची, आई, पेंट लाव की चांगला, तो रस्त्याला लावतात तो. ती म्हणायची, आणू. ते राहून गेलं, आपल्याकडं अशी कामं राहतात तसंच.

मग सिंहस्थ जवळ आला म्हणून सगळीकडं रस्त्यांची कामं निघाली आणि आमच्या रोडलाही डांबर आलं. ठेकेदाराची माणसं ब्रेकर काढणार म्हणून गाव जमा झालं. ती कशाला नसता ताप घेतील? त्यांनी सरसकट वरून डांबर ओतून रोलर फिरवला आणि गेली पुढं. रोड असा झाला की काळ्या पाटीसारखा, आणि त्यात ब्रेकर तसाच उंच, पण आता तोही काळाकुळकुळीत. दिवसाढवळ्या दिसेना. आई दुसऱ्या दिवशी चुना घेऊन गेली, तर नव्या डांबराला चुना धरेना. ओढलेला पट्टा वाळला की खपलीसारखा निघायचा. तिनं तीनदा ओढला.

त्याच आठवड्यात ती बाई पडली.

पलीकडच्या तालुक्यातलं जोडपं, मोटरसायकलवर. लेक बाळंत झाली होती, तिला बघायला चालले होते. बाई मागं एका अंगाला पाय सोडून बसलेली, आपल्याकडच्या बाया साडीत बसतात तशी, आणि मांडीवर डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. डबा दोन्ही हातांनी धरलेला, म्हणजे नवऱ्याला धरायला हात नाही. वेग फार नव्हता म्हणतात. नवरा गाडीसकट उसात गेला आणि ती ब्रेकरच्या पलीकडं डोक्यावर पडली. आईनं तो आवाज ओट्यावर ऐकला. नेहमीचा नाही, एवढं तिला कळलं, आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून ती पळाली. तिनं त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी मिळून दवाखान्यात नेईपर्यंत बाई वाटेतच गेली. नवरा हात मोडून, डोक्याला मार लागून बेशुद्ध होता, त्याला दोन दिवसांनी कळलं.

मला आबांनी फोन केला. आबा स्वतः फोन करतात म्हटल्यावर मी तशीच निघाले. पोचले तर आई मोरीत बसून लुगडं धूत होती, रक्ताचं, आणि ते केव्हाच स्वच्छ झालं होतं तरी धूतच होती.

पोलीस आले. गावानं एका तोंडानं सांगितलं, ब्रेकर पहिल्यापासूनच हाय, कुणी टाकला माहीत नाय. आई काही बोलायला उठली तर बायांनी तिला आत नेली. त्या दिवशी माझं आणि आईचं भांडण झालं. मी म्हटलं, आई, आता पुरे, काढून टाक तो. ती म्हणाली, बोललेला हाय तो, कसा काढू? मी म्हटलं, कावळ्याला बोललीस ना, कावळ्याला काय कळतंय? हे बोलायला नको होतं, पण माझं डोकं फिरलं की मला धरबंद राहत नाही. ती म्हणाली, कावळ्याला नाय बोलले, त्याला बोलले. मग आम्ही दोघी एका घरात दोन दिवस एकमेकींकडं न बघता भाकरी थापत राहिलो.

तिचं खरं काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. ब्रेकर होता तोवर तिचा पोरगा निवांत होता. ब्रेकर काढला म्हणजे तो परत त्या वळणावर येऊन उभा राहणार, अडकलेला, उपाशी. माझ्या पोरांना हसू येईल असल्या गोष्टींचं. मला येत नाही. मी तिचं तोंड घाटावर बघितलंय.

बाईचे दिवस झाले आणि काही दिवसांनी तिचा नवरा आमच्या दारात आला. मी तिथंच होते, आईचं खाणंपिणं सुटलं होतं म्हणून येऊन राहिले होते. हात गळ्यात, डोकं भादरलेलं, एसटीनं आला होता. गाडीला आता हात लावत नाही म्हणाला. आईनं पाट दिला, मी चहा ठेवला. आम्हाला वाटलं भांडायला आला. तर तो भांडायला आला नव्हता. शेवटच्या वेळी बायकोचं डोकं जिच्या मांडीवर होतं ती बाई कोण, हे विचारत विचारत आला होता. त्याला एवढंच पाहिजे होतं की ती काही बोलली का.

आई म्हणाली, “डबा सांडला का, एवढंच विचारलं.”

“मग?”

“नाय सांडला, म्हणले मी.”

त्यानं मान हलवली. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की लाडू रोडभर झाले होते. मग शांतपणे, जसं हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, की ज्यानं कुणी तो ब्रेकर टाकला असेल त्याचं वाटोळं होवो, त्याचा वंश बुडो. आबा खाली मान घालून बसले होते. मी आईचा पाय पायानं दाबला, गप्प बस म्हणून.

आई म्हणाली, “मी टाकला, दादा. आन् वंश बुडालेलाच हाय.”

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. आईनं त्याला सगळं सांगितलं. पिकअप, कोथिंबीर, घाट, कावळा. रडली नाही, थांबली नाही, काही लपवलं नाही. मला वाटत होतं आता हा उठेल, आता आईच्या अंगावर येईल. तो ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते कुणासाठी ते कळत नव्हतं. सांगून झाल्यावर आईनंच त्याला विचारलं, बाईच्या दहाव्याला कावळा शिवला का.

“शिवला,” तो म्हणाला. “ठेवला आन् लगेच शिवला. कुणाला तोंड उघडायची पाळी नाय आली. तिचं तसंच होतं. कधी काही मागितलं नाय तिनं.”

आई पाटाजवळ सरकली.

“म्हंजी तिला कुणीच काही बोललं नाय?”

“नाय.”

“मग मी बोलते,” आई म्हणाली. “काढते मी तो.”

मी इतकी भांडले, पोलीस आले, कशानं हलली नाही ती, आणि एका बाईनं काहीच मागितलं नाही याच्यापुढं ती मोडली. तो माणूस उठला, आईच्या पाया पडायला वाकला, हातामुळं त्याला वाकता आलं नाही, आणि तसाच निघाला. त्याला एसटीत बसवून मी परत आले तेव्हा आईनं माळ्यावरची पहार काढली होती.

तेव्हा आबा बोलले. कित्येक दिवसांनी. म्हणाले, “पोराला दिलेला शब्द हाय. तो परत अडकला म्हंजी?”

“अडकला तं अडकला,” आई म्हणाली. “माझंच लेकरू हाय. मी समजून सांगीन त्याला.”

आबा आत गेले आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली.

आम्ही दोघी वळणावर गेलो. दुपारचं ऊन, डांबर मऊ झालेलं. आई पहार मारायची ती डांबरात रुतायची, बाहेर ओढायची. मी टिकाव घेतला. दोन बायका रोड खणतायत म्हटल्यावर गाड्या थांबायला लागल्या, कुणी व्हिडिओ काढायला लागलं, त्याला मी असं झापलं की त्यानं मोबाईल खिशात घातला. भावाचे दोस्त धावत आले. काकू, काय करताय, त्याची आठवण हाय ती, आम्ही बांधलाय तो. आई म्हणाली, बांधलाय ना तुम्ही, मग तुम्हालाच लवकर काढता येईल. शेवटी एकानं आईच्या हातातली पहार घेतली. संध्याकाळी जेसीबी आला आणि घटकेत सगळं उखडून सपाट केलं. खालचा मुरूम कोथिंबिरीच्या वाफ्याइतका मऊ निघाला. आईनं त्याच्यावर पाणी शिंपडलं, का ते मी विचारलं नाही.

त्या रात्रीपासून घर मुकं झालं. गाड्या येतात, जातात, सुर्रकन, मध्ये काही नाही. आई अंथरुणात उठून बसायची. मी समजूत काढून थकले. पंचवटीला चल म्हटलं, आली नाही. माझी पोरं, माझं घर, मला परत यावं लागलं. निघताना आबांना म्हटलं, लक्ष ठेवा. त्यांनी मान हलवली.

काही दिवसांनी आबांचाच फोन. म्हणाले, तुझी आई रोडला उभी राहती.

पहाटे, भाजीपाल्याच्या गाड्यांच्या वेळी, ती वळणावर जाऊन उभी राहते आणि हात वर करते. ड्रायव्हरला वाटतं म्हातारीला लिफ्ट पाहिजे. बिचारे थांबतात. आमच्या रोडची माणसं शिव्याळ आहेत पण म्हातारीला सोडून जाणारी नाहीत. काच खाली करून विचारतात, बसा मावशी, कुठं जायचं? ती म्हणते, कुठं नाय बाबा, हळू जा. कुणी हसतं, कुणी वैतागतं, कुणाला वाटतं डोक्यावर परिणाम झालाय. पण प्रत्येकाला वळणाच्या आधी गाडी हळू करावी लागलेली असते. आबा ओट्यावर बसून राहतात आणि हॉर्न वाजला की अर्धे उठतात, मग परत बसतात. त्यांनी तिला अडवलं नाही, पण तिच्याबरोबर जाऊन उभेही राहत नाहीत.

मी फोनवर किती बोलले असेन तिला. तुला उडवील एखादा, मग काय, मी तुझ्या नावानं कुठं काय बांधू? ती ऐकून घेते आणि मेथीला भाव नाही म्हणून सांगते. मला तिचा राग येतो, इतका येतो की फोन ठेवल्यावर हातात असेल ते आपटते. आणि मग मला तिची भीती वाटते, तिच्यासाठी. रोज पहाटे फोन वाजला की मी तो लगेच उचलत नाही.

गेल्या थंडीत आम्ही दोघं नवराबायको मोटरसायकलवर माहेरी निघालो. मी आता दोन्हीकडं पाय टाकून बसते, साडी असली तरी. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, म्हणाल्या असत्या तरी ऐकलं नसतं. अंधारातच निघालो होतो, उसावर धुकं होतं. वळणाशी आलो आणि धुक्यातून एकदम एक हात दिसला. कडेला नाही, जवळजवळ मधोमध. आमच्या ह्यांनी करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, कशीबशी गाडी सावरली. तोंडावर स्कार्फ होता, तो ओढून काढत मी ओरडले, “आई, मी हाय! मी!”

तिनं हात खाली घेतला नाही. आमच्या मागं दुसऱ्या गाडीचा उजेड दिसत होता, ती तिकडं बघत होती.

“ओळखलं ना,” ती म्हणाली. “तू बी हळूच जा.”

आम्ही तिच्याकडंच आलो होतो.